पासवर्ड बदलताना मागे काय उरते

लिनक्सच्या सर्व्हरवर 'पीएस' नावाची दोन अक्षरांची कमांड असते. या घडीला यंत्रावर कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, ते कोणी चालवले आहेत आणि चालवताना नेमकी कोणती ओळ टाइप केली, याची यादी ती समोर मांडते. ही यादी पाहायला ॲडमिन असावे लागत नाही. त्या सर्व्हरवर ज्याचे साधे खाते आहे असा कोणीही ती पाहू शकतो. बहुतेक ठिकाणी लिनक्सची मूळ मांडणीच तशी असते. आता त्याच सर्व्हरवर कोणी डेटाबेसचा पासवर्ड बदलायला बसले आणि नवा पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहून मोकळे झाले, तर ती कमांड संपेपर्यंत पासवर्ड त्या यादीत सगळ्यांना वाचता येतो.

मायएसक्यूएल हा डेटाबेस बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. त्यांचा क्लायंट प्रोग्रॅम सुरू झाल्याबरोबर ओळीतला पासवर्ड पुसून टाकतो. पण सुरू होणे आणि पुसणे यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते, आणि ही यादी सेकंदाला शेकडो वेळा वाचत बसणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला फारसे कष्ट लागत नाहीत. म्हणून आवृत्ती ५.६ पासून ओळीत पासवर्ड दिला की 'हे असुरक्षित असू शकते' असा इशारा पडद्यावर येतो. दुर्दैवाने तो इशाराच दिसेनासा करण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना शिकवत राहिले.

हा विषय फक्त संगणकवाल्यांचा वाटेल, पण रुग्णालयातले रिपोर्ट, पतसंस्थेतली ठेव, विद्यापीठाचा निकाल, रेल्वेचे आरक्षण हे सगळे कुठल्या ना कुठल्या डेटाबेसात असते. आपण मोबाइलवर टाकतो तो पासवर्ड आपल्या एका खात्यापुरता. त्या ॲपच्या मागे मात्र एक वेगळा 'डेटाबेस यूजर' असतो. तो माणूस नसतो. ॲपच त्या नावाने डेटाबेसात शिरते आणि लाखो लोकांच्या नोंदी वाचते, लिहिते. त्याचा पासवर्ड कुठल्यातरी फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो हाती लागला की एकेका ग्राहकाचे खाते फोडण्याची गरजच उरत नाही.

२०१७ साली अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पत-माहिती कंपनीत हेच घडले. हल्लेखोर आधी शिरले ते ग्राहकांच्या तक्रारींच्या पोर्टलमधून. तिथल्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली पळवाट बुजवायची राहिली होती. पण त्या पोर्टलला जोडलेले डेटाबेस तीनच होते. पुढचा रस्ता त्यांना मिळाला तो आतल्या एका फाइलमध्ये. तिथे यूजरनेम आणि पासवर्ड कसलेही कुलूप न लावता लिहून ठेवलेले सापडले. त्यांच्या जोरावर पोर्टलशी काहीही संबंध नसलेले आणखी ४८ डेटाबेस खुले झाले. हल्लेखोरांनी सुमारे ९,००० वेळा त्यांत शोध घेतला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. तीन डेटाबेसांपुरती राहिली असती ती चोरी आणखी ४८ डेटाबेसांपर्यंत पसरली, ती उघड्यावर पडलेल्या पासवर्डांमुळे.

तर पासवर्ड बदलायला हवेत, वेळच्या वेळी बदलायला हवेत, यावर दुमत नाही. अडचण अशी की बदलण्याची क्रियाच पासवर्ड सर्वांत जास्त उघडा पाडते. एरवी तो फाइलमध्ये निपचित पडलेला असतो. बदलायच्या दिवशी तो कोणीतरी बोटांनी टाइप करतो, तो कमांड वाचणाऱ्या शेलमधून जातो, नेटवर्कवरून जातो, सर्व्हरच्या हाती पडतो. वाटेत जिथे जिथे नोंद ठेवली जाते तिथे तिथे तो उतरू शकतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा पासवर्ड कसा बदलावा असे इंटरनेटवर विचारले की हमखास एक ओळ सांगितली जाते. दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणारे सुडो लावून 'पोस्टग्रेस' या यूजरच्या नावाने पीएसक्यूएल हा पोस्टग्रेसचा क्लायंट चालवायचा आणि डॅश सी पुढे अवतरणचिन्हांत 'ऑल्टर यूजर' अमुक, 'पासवर्ड' तमुक असे पूर्ण विधान द्यायचे. एका ओळीत काम होते, म्हणून ती लोकप्रिय आहे. या एका ओळीचा माग काढला तर काय दिसते ते पाहण्याजोगे आहे. सर्वांत आधी ती पीएसच्या यादीत येते. मग बॅश शेल ती स्वतःच्या इतिहासात ठेवतो आणि सत्र संपताना होम फोल्डरमधल्या लपलेल्या इतिहास-फाइलमध्ये लिहितो. सुडो आपली वेगळी वही ठेवतो. कोणी, किती वाजता, कोणती कमांड चालवली हे तो सिस्टिमच्या लॉगमध्ये टिपतो आणि कमांड म्हणजे तिच्या सगळ्या तपशिलांसकट, पासवर्डसह. शिवाय पोस्टग्रेसमध्ये विधानांचे लॉगिंग चालू असेल, तर चौथी प्रत तिथे.

लॉगिंग चालू नसले तरी सुटका होतेच असे नाही. समजा यूजरचे नाव 'रिपोर्ट्स' आहे आणि घाईत 'रिपोर्ट' टाइप झाले. पोस्टग्रेस म्हणते, असा यूजर नाही. माणूस नाव दुरुस्त करतो, दुसऱ्या खेपेला काम होते आणि तो उठून चहाला जातो. पहिल्या खेपेची चूक मात्र लॉगमध्ये लिहिली गेलेली असते, आणि चूक लिहिताना ती ज्या विधानात झाली ते विधानही पोस्टग्रेस जसेच्या तसे खाली उतरवते. मूळ सेटिंगच तसे आहे. यूजरचे नाव चुकीचे, पासवर्ड मात्र बरोबर.

असे लॉग आता सर्व्हरवर एकटे राहत नाहीत. ते गोळा होऊन दुसऱ्या यंत्रावर जातात, त्यांचा बॅकअप होतो, सपोर्टची मंडळी ते उघडून वाचतात. भारतात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हल्ल्याचा तपास करायला हा नियम आवश्यकच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की लॉगमध्ये चुकून पडलेला पासवर्ड सहा महिने तिथेच राहणार.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. त्यांच्याकडे पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ रूप परत मिळू नये अशा प्रकारे बदलून, साठवण्याची पद्धत चांगली होती, पण हॅश पूर्ण होण्याआधीच मूळ पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. मार्च २०१९ मध्ये फेसबुकलाही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये वाचता येतील अशा रूपात पडून असल्याचे कबूल करावे लागले. तिजोरी भक्कम होती. तिजोरीपर्यंतचा रस्ता पाहायचा राहून गेला.

पासवर्ड आहे त्या रूपात ठेवू नये हा धडा खरे तर फार जुना. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची, एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी यंत्रणा होती. एकदा एक ॲडमिन पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा ॲडमिन रोजची सूचना लिहीत होता. एडिटरच्या रचनेतल्या चुकीमुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर काही काळ जो कोणी लॉगिन करेल त्याच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

हा किस्सा रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या पासवर्डविषयक निबंधात नोंदवला आहे. युनिक्समध्ये त्यांनी काय केले, तेही त्यातच आहे. पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर अशी गणिती प्रक्रिया करायची की निकालावरून उलटे मागे जाता येऊ नये, आणि तो निकाल म्हणजे हॅश तेवढा ठेवायचा. शिवाय प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचा एक यादृच्छिक तुकडा, म्हणजे सॉल्ट, मिसळायचा. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात, आणि एकदाच हॅशांचा मोठा तक्ता बनवून सगळ्यांचे पासवर्ड ओळखण्याचा मार्ग बंद होतो. प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवायची, म्हणजे अंदाजाने एकेक पासवर्ड लावून पाहणाऱ्याचा वेळ जाईल. आज वापरात असलेल्या पद्धती या तीन कल्पनांवरच उभ्या आहेत.

पोस्टग्रेसने बरीच वर्षे एमडी५ चा हॅश वापरला. त्यात पासवर्डाला यूजरचे नाव जोडून हॅश काढला जाई. सॉल्ट म्हणून नाव वापरायचे म्हणजे ते कोणालाही आधीच माहीत. त्याहून वाईट म्हणजे चोराच्या हाती तो हॅश पडला तर मूळ पासवर्ड शोधण्याचीही गरज नव्हती; हॅशच्या बळावर लॉगिन करता येत असे. २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये स्क्रॅम-शा-२५६ ही नवी पद्धत आली आणि २०२१ च्या आवृत्ती १४ पासून तीच मूळ पद्धत झाली. २०२५ मध्ये आलेली आवृत्ती १८ तर एमडी५ चा पासवर्ड ठेवू लागताच इशारा देते. जुन्या सर्व्हरवर मात्र पद्धत बदलून भागत नाही. साठवलेला एमडी५ हॅश आपोआप नव्या रूपात येत नाही, कारण मूळ पासवर्ड सर्व्हरला ठाऊकच नसतो. तो पुन्हा एकदा टाइप करावा लागतो, आणि गोष्ट पुन्हा पासवर्ड बदलण्यापाशी येते.

यासाठी पोस्टग्रेसकडे एक उत्तम साधन आहे. ते वर्षानुवर्षे उपलब्ध असूनही कमी लोक वापरतात, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. पीएसक्यूएलमध्ये शिरायचे आणि बॅकस्लॅश टाकून 'पासवर्ड' हा शब्द आणि पुढे यूजरचे नाव लिहायचे. एवढेच. मग ते नवा पासवर्ड विचारते. टाइप करताना पडद्यावर अक्षर तर नाहीच, चांदणीही उमटत नाही. दुसऱ्यांदा विचारते, दोन्ही जुळले की काम सुरू होते.

त्या क्षणात जे घडते ते बारकाईने पाहावे असे आहे. पीएसक्यूएल आधी सर्व्हरला विचारते की तू कोणत्या पद्धतीने पासवर्ड ठेवतोस. उत्तर स्क्रॅम आले की माणसाच्या बाजूच्या यंत्रावरच १६ बाइटांचे नवे सॉल्ट तयार होते, पासवर्ड आणि सॉल्ट यांच्यावर गणिती प्रक्रियेच्या ४,०९६ फेऱ्या होतात आणि निकालातून दोन किल्ल्या निघतात. एकीने सर्व्हर यूजरची ओळख तपासतो, दुसरीने सर्व्हर स्वतःची ओळख पटवतो. फेऱ्यांचा आकडा, सॉल्ट आणि या किल्ल्या यांची एक लांबलचक ओळ बनते आणि 'ऑल्टर' विधानात पासवर्डाच्या जागी ती ओळ पाठवली जाते. मूळ पासवर्ड त्या यंत्राबाहेर पडतच नाही. लॉगमध्ये विधान उतरले तरी दिसते ती स्क्रॅमने सुरू होणारी अगम्य ओळ, आणि नुसत्या त्या ओळीच्या बळावर लॉगिन करता येत नाही. पीएसक्यूएलच्या इतिहासात उरते फक्त यूजरचे नाव. शेलला, सुडोला आणि पीएसला यातले काहीच कळत नाही, कारण पासवर्ड कमांडच्या ओळीत कधी नव्हताच.

या सोयीची एक किंमत आहे. सर्व्हरला मूळ पासवर्ड दिसत नसल्यामुळे तो पुरेसा लांब आहे की '१२३४५६' आहे, हे सर्व्हर तपासू शकत नाही. दमदार पासवर्ड निवडण्याची जबाबदारी टाइप करणाऱ्यावर येते. तरीही हा सौदा फायद्याचा आहे. डेटाबेस यूजरचा पासवर्ड माणसाने लक्षात ठेवायचा नसतोच, त्यामुळे तो सुचवायचे काम यंत्रावर सोपवावे. ओपनएसएसएलकडे २४ यादृच्छिक बाइट मागितले तर ३२ अक्षरांचा पासवर्ड हाती येतो आणि तो अंदाजाने ओळखणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. चिन्हांचा फार सोस करू नये, हा अनुभवी मंडळींचा सल्ला योग्य आहे. डॉलरचे चिन्ह दिसले की शेल त्याचा वेगळा अर्थ लावतो, ॲट-चिन्हाने डेटाबेसच्या पत्त्याची ओळ मधेच तुटते, एकेरी अवतरण आले की विधान फुटते. अक्षरे आणि आकडे पुरेत, लांबी वाढवावी.

मायएसक्यूएलची वाट थोडी निराळी आहे. तिथे डॅश पी एवढेच लिहून पुढे काहीही न जोडता क्लायंट सुरू करायचा. पासवर्ड तो स्वतः विचारतो. आत गेल्यावर 'ऑल्टर यूजर' विधान द्यायचे. त्यात पासवर्ड लिहावाच लागतो, पण दोन ठिकाणी काळजी घेतलेली आहे. ज्या विधानात 'आयडेंटिफाइड' किंवा 'पासवर्ड' हे शब्द येतात ती विधाने क्लायंट आपल्या इतिहास-फाइलमध्ये ठेवत नाही, आणि सर्व्हरही लॉगमध्ये लिहिताना पासवर्ड झाकून लिहितो. राहिली नेटवर्कची वाट. इथे पासवर्ड मूळ रूपातच सर्व्हरपर्यंत जातो. तेव्हा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल आणि जोडणी टीएलएसने सुरक्षित नसेल, तर पोस्टकार्डावर गुपित लिहून पाठवल्यासारखेच ते आहे. आवृत्ती ८.०.१८ पासून पासवर्ड स्वतः निवडण्याचेही काम मायएसक्यूएलवर टाकता येते. 'रँडम पासवर्ड' म्हटले की तो २० अक्षरांचा पासवर्ड बनवतो आणि एकदाच दाखवतो.

ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्येही 'पासवर्ड' नावाची कमांड आहे. ती जुना आणि नवा दोन्ही पासवर्ड पडद्यावर न दाखवता विचारते. तरी यूजर, तिरकी रेघ, पासवर्ड असे एकाच ओळीत लिहून आत शिरायची सवय ओरॅकलच्या जगात खोलवर रुजलेली आहे. ती रुजायला 'स्कॉट, तिरकी रेघ, टायगर' या जगप्रसिद्ध जोडीचा हातभार आहे. ब्रूस स्कॉट हे ओरॅकलच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक आणि टायगर हे त्यांच्या घरच्या मांजरीचे नाव. नमुन्यादाखल बनवलेले हे खाते पाठ्यपुस्तकांत गेले, प्रशिक्षणवर्गांत गेले आणि असंख्य खऱ्याखुऱ्या डेटाबेसांत तसेच राहिले. मुख्य 'सिस' खात्याचा मूळ पासवर्ड तर 'बसवल्यावर बदला' याच अर्थाचा इंग्रजी शब्दसमूह होता आणि अनेकांनी तोही बदलला नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए' खात्याला पासवर्डच न ठेवण्याची मुभा होती. मे २००२ मध्ये स्पिडा नावाचा वर्म तेवढ्या एका पळवाटेतून सर्व्हरमागून सर्व्हर ताब्यात घेत पसरला. २०१७ च्या जानेवारीत पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून मालकांकडे बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली.

रोजच्या कामात पासवर्ड दर वेळी हाताने टाइप करता येत नाही. रात्री दोन वाजता चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टला तो कुठून तरी मिळावाच लागतो. तो स्क्रिप्टमध्ये लिहू नये, कारण स्क्रिप्ट पुढे कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये जाते आणि गिट काहीही विसरत नाही. पोस्टग्रेससाठी होम फोल्डरमध्ये पीजीपास नावाची लपलेली फाइल ठेवता येते. तिची परवानगी ०६०० हवी, म्हणजे मालकाशिवाय कोणालाही ती वाचता येऊ नये. परवानगी सैल असेल तर पोस्टग्रेसचा क्लायंट त्या फाइलकडे सरळ दुर्लक्ष करतो. हा कडकपणा कौतुकास्पद आहे. मायएसक्यूएलची मायलॉगिन फाइल पासवर्ड गुंतागुंतीच्या रूपात ठेवते, पण तो चुकून नजरेला पडू नये एवढ्यापुरताच हा आडोसा आहे आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेतही तसे स्पष्ट म्हटले आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पासवर्ड ठेवण्याची पद्धत डॉकरमुळे फार बोकाळली. तिथे एक गैरसमज सतत भेटतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर इमेजला दिलेला पासवर्डाचा व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटाचे फोल्डर रिकामे असताना कामी येतो. पुढे तो बदलून कंटेनर कितीही वेळा चालू-बंद केला तरी आतला पासवर्ड जुनाच राहतो. बदलणाऱ्याला मात्र वाटते की काम झाले.

आता त्या भागाकडे यायला हवे ज्याच्या धास्तीने अनेक कार्यालयांत डेटाबेसचे पासवर्ड वर्षानुवर्षे बदललेच जात नाहीत. पासवर्ड बदलला आणि सगळे बंद पडले तर? ही भीती खरी आहे. गंमत अशी की बदलल्याबरोबर बहुधा काहीच बंद पडत नाही. डेटाबेस पासवर्ड विचारतो तो जोडणी सुरू होताना. आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या तशाच चालू राहतात. ॲप्लिकेशन आपल्याजवळ अशा जोडण्यांचा साठा राखून असते, त्यामुळे संध्याकाळी बदललेल्या पासवर्डाची बोंब दुसऱ्या दिवशी सकाळी उठते. साठ्यातली जोडणी जुनी होऊन नवी उघडायला गेली की मग दार बंद आढळते. मधे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सरसारखा पूलर असेल तर त्याची स्वतःची पासवर्डांची फाइल वेगळी. दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरकडून डेटा खेचतो त्याच्या सेटिंगमध्ये आणखी एक प्रत. रात्रीचा बॅकअप तर मुकाट्याने फसतो आणि ते कळते बॅकअपची गरज पडते त्या दिवशी.

ओरॅकलमध्ये याहून वाईट घडू शकते. मूळ सेटिंगप्रमाणे लागोपाठ दहा वेळा चुकीचा पासवर्ड आला की ते खातेच कुलूपबंद होते. कुठल्यातरी कोपऱ्यातला विसरलेला ॲप सर्व्हर जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतो, दहा ठोके पूर्ण होतात, आणि नवा पासवर्ड घेऊन नीट काम करणारे बाकीचे सर्व्हरही बाहेर पडतात.

उघड्या जोडण्या टिकून राहतात याला दुसरीही बाजू आहे, आणि ती सुरक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. पासवर्ड चोरीला गेला म्हणून तो बदलला, पण चोर आधीच आत बसलेला असेल तर नुसत्या बदलाने तो बाहेर जात नाही. पासवर्ड बदलल्यानंतर त्या यूजरच्या चालू जोडण्या मुद्दाम तोडाव्या लागतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत त्यासाठी वेगळे आदेश आहेत. घाईच्या वेळी नेमके हेच राहून जाते.

बदल सुखरूप व्हावा यासाठी मायएसक्यूएलने आवृत्ती ८.०.१४ मध्ये फार चांगली सोय दिली. एका यूजरला एकाच वेळी दोन पासवर्ड ठेवता येतात. नवा लावताना 'सध्याचा राखून ठेव' असे सांगायचे. मग सवडीने एकेका ॲप सर्व्हरवर, बॅकअपच्या फाइलीत, पूलरमध्ये नवा पासवर्ड पोहोचवायचा. जुन्याने कोणीच येत नाही याची खात्री झाली की तो टाकून द्यायचा. ओरॅकलनेही अलीकडच्या आवृत्त्यांत अशी मुदत देणारी सोय केली आहे. पोस्टग्रेसमध्ये ती नाही. तिथे जाणती मंडळी दोन यूजर बनवतात, दोघांना एकाच मूळ रोलचे अधिकार देतात आणि आलटून पालटून वापरतात. ॲप एका नावाने चालू असताना दुसऱ्याचा पासवर्ड निवांत बदलता येतो.

किती दिवसांनी बदलावा? दर ९० दिवसांनी बदला, हा सरसकट नियम आता मागे पडला आहे. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले की माणसांना ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नये. फुटल्याची शंका आली की बदलावा. सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. पण तो सल्ला माणसांच्या स्वतःच्या पासवर्डांसाठी होता. ॲपचा डेटाबेस यूजर कोणा एकाचा नसतो. त्याचा पासवर्ड बसवून देणाऱ्या कंत्राटदाराला ठाऊक असतो, गेल्या वर्षी नोकरी सोडलेल्या मुलाला ठाऊक असतो, व्हॉट्सॲपच्या एखाद्या जुन्या गप्पांतही सापडतो. म्हणून माणूस गेला, कंत्राट संपले, लॅपटॉप हरवला की तो त्याच दिवशी बदलायला हवा. महाराष्ट्रातल्या पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये यांच्यासाठीही ही आता ऐच्छिक बाब राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

चूक होऊन पासवर्ड ओळीत टाइप झालाच तर? इतिहासातली ती ओळ जरूर पुसावी. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण सुडोच्या लॉगमधून, दुसऱ्या यंत्रावर गेलेल्या प्रतीतून आणि कालच्या बॅकअपमधून ती पुसता येत नाही. तो पासवर्ड फुटला असे धरून लगेच दुसरा लावावा, आणि या वेळी प्रोग्रॅमला तो विचारू द्यावा.

शेवटचा प्रसंग सर्वांत घाईचा असतो. मुख्य ॲडमिनचाच पासवर्ड कोणाला आठवत नाही. मायएसक्यूएल अधिकारांची तपासणी बंद करून सुरू करता येतो आणि त्या अवस्थेत कोणीही पासवर्डाविना पूर्ण अधिकाराने आत येऊ शकतो. आवृत्ती ८ मध्ये असे सुरू केले की सर्व्हर नेटवर्कवरच्या जोडण्या आपण होऊन बंद ठेवतो. जुन्या आवृत्त्यांत ते भान माणसालाच ठेवावे लागे. त्याहून बरा मार्ग म्हणजे 'ऑल्टर यूजर' विधान एका फाइलमध्ये लिहायचे, ती फाइल फक्त मायएसक्यूएलला वाचता येईल अशी ठेवायची, सुरू होताना ती चालवायला सांगायचे आणि काम झाले की फाइल नष्ट करायची. पोस्टग्रेसमध्ये प्रवेशाचे नियम ज्या फाइलमध्ये असतात तिथे 'ट्रस्ट' लिहून, म्हणजे सर्वांना विनापासवर्ड आत घेऊन, लोक पासवर्ड बदलतात आणि ती ओळ परत फिरवायला विसरतात. उबुंटू आणि डेबियनवर तर याची गरजही नसते. तिथे मूळ मांडणीतच पोस्टग्रेस लिनक्सच्या खात्यावरून ॲडमिनला ओळखते. सुडो लावून त्या खात्याने पीएसक्यूएल उघडायचे आणि बॅकस्लॅश पासवर्ड म्हणायचे. मारियाडीबी या डेटाबेसनेही २०१९ च्या आवृत्ती १०.४ पासून रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिनसाठी, हीच पद्धत मूळ म्हणून स्वीकारली. तिथे सर्व्हरवर रूट म्हणून बसलेल्या माणसाला डेटाबेस पासवर्ड विचारतच नाही, आणि दुसऱ्या यंत्रावरून कोणी रूटच्या नावाने आत येऊ पाहिले तर लावून पाहायला पासवर्डही नसतो.